कापलेला ज्वालामुखी आणि जमीन सरकल्याची तारीख

कॅलिफोर्नियात सोलेदाद गावाच्या पूर्वेला पिनॅकल्स नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. तांबूस सुळके, अरुंद घळींत अडकून पडलेल्या घराएवढ्या शिळा, त्या शिळांखाली तयार झालेल्या अंधाऱ्या गुहा, आणि नशीब असेल तर डोक्यावर घिरट्या घालणारी कॉन्डॉर गिधाडं. १९०८ सालापासून ही जागा राखीव आहे आणि गिर्यारोहकांची आवडती आहे. तिथून आग्नेयेला सुमारे ३१५ किलोमीटरवर, लॉस एंजेलिसच्या उत्तरेला, मोहावी वाळवंटाच्या कडेला नीनाक नावाची वस्ती लागते. तिच्याजवळ काही बुटक्या, उजाड टेकड्या आहेत. तिथे सुळके नाहीत, गुहा नाहीत, मुद्दाम गाडी थांबवावी असं काहीच नाही.

ही दोन्ही ठिकाणं मिळून एकच ज्वालामुखी होता. सुमारे २ कोटी ३० लाख वर्षांपूर्वी तो धुमसत होता. पुढे त्याच्या मधोमध जमीन फाटली आणि पश्चिमेकडचा तुकडा वायव्येला निघाला, तो आजच्या पिनॅकल्सपर्यंत पोचला. अंतराचा अंदाज हवा असेल तर मुंबई ते कोल्हापूर हे सरळ रेषेतलं अंतर साधारण ३०० किलोमीटर भरतं. अर्धा किल्ला इथे आणि उरलेला अर्धा पंचगंगेच्या काठी, असा हा प्रकार आहे.

हा ज्वालामुखी ज्या भेगेनं कापला तिचं नाव सॅन अँड्रियास भ्रंश. भ्रंश म्हणजे नुसती भेग नव्हे. भेगेच्या दोन्ही अंगांचे खडक एकमेकांना घासत सरकले असतील, तरच त्या भेगेला भ्रंश म्हणायचं. आणि भ्रंश म्हटला की पहिला प्रश्न येतो तो हाच: हा सरकला कधी? भूकंपाचा धोका मोजायचा असेल, धरण कुठे बांधावं हे ठरवायचं असेल, किंवा एखाद्या डोंगररांगेचा इतिहास लिहायचा असेल, तर या प्रश्नाला बगल देता येत नाही. अडचण अशी की भ्रंश स्वतः तारीख लिहून ठेवत नाही. घासून पीठ झालेला खडक, पाणी मुरून झालेली चिकणमाती, यांच्याकडून सहसा सरळ उत्तर मिळत नाही. म्हणून भूशास्त्रज्ञ शेजाऱ्याला विचारतात. शेजारी जर ज्वालामुखीचा खडक असेल तर फारच उत्तम, कारण त्याला स्वतःची जन्मवेळ ठाऊक असते.

ती कशी ठाऊक असते, हे समजून घेण्यासाठी जुन्या लग्नघरातलं घटिकापात्र आठवा. पाण्यानं भरलेल्या मोठ्या भांड्यात तळाला बारीक भोक असलेली एक वाटी तरंगत सोडायची. भोकातून पाणी हळूहळू आत येतं, वाटी भरते, बुडते, आणि एक घटिका म्हणजे २४ मिनिटं झाली असं समजायचं. हे घड्याळ खरं चालायला तीन गोष्टी लागतात. वाटी सोडताना रिकामी असली पाहिजे. भोक मध्येच लहानमोठं होता कामा नये. आणि वाटीला दुसरीकडून गळती नसावी.

ज्वालामुखीच्या खडकात अशीच वाटी असते. तिच्यात साठतो तो आर्गॉन वायू, आणि तो येतो पोटॅशियममधून. पोटॅशियम बहुतेक खडकांत असतंच. त्याच्या दर दहा हजार अणूंमागे जेमतेम एक अणू पोटॅशियम-४० या किरणोत्सारी जातीचा असतो. या जातीचे अणू आपोआप मोडतात, पण अतिशय सावकाश. निम्मे अणू मोडायला १२५ कोटी वर्षं लागतात. मोडलेल्या शंभरातल्या साधारण ८९ अणूंचं कॅल्शियम होतं आणि ११ अणूंचा आर्गॉन-४०. कॅल्शियम खडकात आधीपासूनच भरपूर असतं, त्यामुळे नवं कोणतं आणि जुनं कोणतं हे ओळखणं कठीण जातं. आर्गॉनची गोष्ट वेगळी. तो वायू आहे, कोणाशी संयोग करत नाही, आणि शिलारस पातळ असताना बुडबुड्यासारखा निसटून जातो. म्हणजे लाव्हा थिजतो त्या क्षणी वाटी रिकामी असते. खडक घट्ट झाला की त्यानंतर तयार होणारा प्रत्येक आर्गॉन अणू स्फटिकाच्या जाळीत अडकून पडतो. भोक लहानमोठं होण्याची चिंता नाही, कारण अणू मोडण्याचा वेग जमिनीखालच्या उष्णतेनं किंवा दाबानं बदलत नाही.

साठा किती तुटपुंजा असतो ते पाहा. पिनॅकल्सच्या वयाचा खडक घेतला आणि त्यात सुरुवातीला पोटॅशियम-४० चे एक लाख अणू होते असं धरलं, तर २ कोटी ३० लाख वर्षांत त्यातले साधारण १,२७० अणू मोडतात. त्यातून आर्गॉन मिळतो सुमारे १३५ अणू. हे एवढे मोजायचे आणि त्यावरून वय सांगायचं. त्यातच हवेत जवळजवळ एक टक्का आर्गॉन असतो, तो खडकाच्या फटीफटीत शिरलेला असतो आणि मोजणीच्या यंत्रातही घुसतो. सुदैवानं हवेतल्या आर्गॉनची एक खूण आहे. त्यात आर्गॉन-४० बरोबर आर्गॉन-३६ ही जात ठरलेल्या प्रमाणात, साधारण ३०० ला १, असते. नमुन्यात आर्गॉन-३६ किती आहे ते पाहायचं, त्याच्या हिशेबानं हवेचा वाटा वजा करायचा, उरलेला आर्गॉन खडकाचा.

जुन्या पद्धतीत पोटॅशियम एका तुकड्यात मोजायचे आणि आर्गॉन दुसऱ्या तुकड्यात. दोन्ही तुकडे अगदी सारखेच असतील याची खात्री कोण देणार? १९६० च्या दशकात यावर एक नामी तोडगा निघाला. नमुना अणुभट्टीत ठेवायचा. तिथल्या न्यूट्रॉनच्या माऱ्यानं साध्या पोटॅशियमचा काही भाग आर्गॉन-३९ मध्ये बदलतो, आणि आर्गॉनची ही जात निसर्गात जवळपास सापडतच नाही. आता त्याच एका कणातून आर्गॉन-४० आणि आर्गॉन-३९ एकदमच बाहेर काढता येतात. एक सांगतो किती साठलं, दुसरा सांगतो पोटॅशियम किती होतं. तांदळाएवढा, कधी त्याहूनही लहान स्फटिक पुरतो. अणुभट्टीचा मारा किती झाला हे कळावं म्हणून ज्याचं वय पक्कं माहीत आहे असा एक स्फटिकही सोबत ठेवतात. जगभरच्या प्रयोगशाळा यासाठी बहुतेक वेळा कोलोरॅडोतल्या फिश कॅन्यन नावाच्या राखखडकातले सॅनिडीन या पोटॅशियमयुक्त खनिजाचे स्फटिक वापरतात. त्यांचं वय २ कोटी ८२ लाख वर्षं.

हे घड्याळ खरं चालतं का, याची एक परीक्षा मला फार आवडते. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस फुटला आणि पॉम्पेई गाडलं गेलं. धाकट्या प्लिनीनं ते डोळ्यांनी पाहून पत्रांत लिहून ठेवलं. १९९७ साली बर्कलीच्या पॉल रेनी आणि सहकाऱ्यांनी त्याच उद्रेकाच्या दगडातले सॅनिडीन स्फटिक घेऊन आर्गॉन पद्धतीनं वय काढलं. उत्तर आलं १,९२५ वर्षं, चूक ९४ वर्षं इकडे किंवा तिकडे. प्रत्यक्षात १,९१८ वर्षं झाली होती. निम्मे अणू मोडायला १२५ कोटी वर्षं घेणाऱ्या घड्याळानं दोन हजार वर्षांच्या आतली घटना पकडली.

फसतंही ते. हवाई बेटांवरचा हुआलालाई ज्वालामुखी १८००-०१ मध्ये वाहिला. त्या लाव्ह्यासोबत खोल पोटातून काही न वितळलेले दगड वर आले होते. १९६८ साली त्या दगडांतला आर्गॉन मोजला तर वयं कोट्यवधी वर्षांची निघाली. कारण त्या दगडांतला जुना आर्गॉन निसटलाच नव्हता. वाटी सोडतानाच अर्धी भरलेली होती. उलट प्रकार होतो तो गळतीनं. नंतर कधी खडक तापला, किंवा पाणी झिरपून त्याची खनिजं बदलली, तर आर्गॉन निघून जातो आणि खडक आहे त्याहून तरुण वाटतो. म्हणून नमुना एकदम न वितळवता पायरीपायरीनं तापवतात आणि प्रत्येक पायरीला सुटलेल्या वायूचं वय वेगळं काढतात. सुरुवातीला कडेकडेचा वायू सुटतो, मग गाभ्यातला. सगळ्या पायऱ्यांवर एकच वय आलं तर घड्याळ धड आहे. चढउतार दिसला तर काहीतरी बिनसलंय. त्याआधी अर्थातच हातोडा घेऊन डोंगरात हिंडताना न झिजलेला, न कुजलेला, ताजा दगड शोधण्याची पायपीट असतेच. तिथे आळस केला तर पुढचं लाखमोलाचं यंत्र काय करणार?

समजा वय मिळालं, आणि पक्कं मिळालं. हे वय कशाचं? दगडाचं. भ्रंशाचं नव्हे. गल्लत नेमकी इथेच होते. बातम्यांत सर्रास "शास्त्रज्ञांनी भ्रंशाचं वय काढलं" असं छापून येतं, आणि वाचणाऱ्याला वाटतं की दगडातल्या घड्याळानं भ्रंश सरकल्याची वेळ दाखवली.

साधं उदाहरण घ्या. सकाळी अंगण सारवलं आणि संध्याकाळी त्यात भेग दिसली, तर भेग सारवल्यानंतर पडली एवढं नक्की. दुपारी दोनला की चारला, ते सारवण सांगत नाही. पण भेगेवर कुणी नंतर पुन्हा शेणाचा हात फिरवला असेल आणि तो थर अखंड असेल, तर भेग दोन सारवणांच्या मधली हेही नक्की होतं. लाव्ह्याचे थर हे असं सारवण आहे. भ्रंशानं कापलेला सर्वांत तरुण थर आणि भ्रंशावरून न कापता गेलेला सर्वांत जुना थर, या दोघांच्या जन्मवेळांमध्ये भ्रंशाची हालचाल कोंडून धरता येते. दोन्ही थर वयानं जितके जवळ, तितकी कोंडी घट्ट.

याचं देखणं उदाहरण कॅलिफोर्नियाच्याच पूर्व भागात, बिशप गावाच्या उत्तरेला आहे. साधारण ७ लाख ६५ हजार वर्षांपूर्वी तिथलं लाँग व्हॅलीखालचं शिलारसाचं कुंड प्रचंड स्फोटानं रिकामं झालं. तापलेली राख आणि प्युमिस, म्हणजे भोकाभोकांचा हलका दगड, यांचा लोंढा आजूबाजूच्या दऱ्या भरत गेला आणि मागे सपाट पठार उरलं. निसर्गानं एका दमात सारवलेलं हे अंगण आज शेकडो भ्रंशकड्यांनी चिरलं आहे. काही कडे माणसाच्या उंचीचे, काही इमारतीच्या. त्यातला प्रत्येक कडा ७ लाख ६५ हजार वर्षांच्या अलीकडचा, हे सांगायला दुसरा पुरावा लागत नाही. कड्याची उंची मोजली, वयानं भागली, की जमीन तिथे सरासरी किती वेगानं खचते तेही कळतं.

तिथे जमीन खाली-वर झाली म्हणून काम सोपं. सॅन अँड्रियासवर जमीन आडवी सरकते, आणि तिथे एक खोच आहे. सोलापुरी चादर मधोमध फाडून एक अर्ध पुढे सरकवलं तर नक्षी जुळत नाही, किती सरकलं ते टिकलीएवढ्या फुलावरूनही मोजता येतं. तेच कोऱ्या पांढऱ्या पंचाचं केलं तर? पंचाच पंच्याला लागून राहतो, काही कळत नाही. लाव्ह्याचा विस्तीर्ण सपाट थर म्हणजे कोरा पंचा. आडवी सरक मोजायला नक्षी लागते: ज्वालामुखीचं तोंड, लाव्ह्याच्या लोंढ्याची कड, एखादा ओढा, कुंपण. १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपानंतर पॉइंट रेयेसजवळ एक सरळ कुंपण मधोमध तुटून काही मीटरनं सरकलेलं दिसलं होतं. ते कुंपण म्हणजे नक्षीच, आणि तारीख तर सगळ्यांना माहीत होती: १८ एप्रिल, पहाटे ५ वाजून १२ मिनिटं.

कुंपण काही मीटर सरकलं हे पटायला सोपं होतं. एक अख्खा डोंगर शेकडो किलोमीटर सरकला हे पटवणं महाकठीण. अँड्र्यू लॉसन यांनी १८९५ साली या भ्रंशाला नाव दिलं, पण त्याची एकूण सरक फार नसावी असाच समज पुढे बराच काळ होता. १९२६ मध्ये लेव्ही नोबल यांनी २४ मैल म्हटलं तेव्हाही भुवया उंचावल्या. १९५३ साली मेसन हिल आणि थॉमस डिबली यांनी थेट शेकडो मैलांचा दावा केला. तेव्हा पृथ्वीचं कवच सरकत्या तुकड्यांचं बनलेलं आहे हा भूपट्टांचा सिद्धांत अजून यायचा होता, त्यामुळे जमिनीनं एवढा प्रवास करावा कशासाठी याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. ते १९६० च्या दशकाच्या शेवटी मिळालं. पॅसिफिक भूपट्ट उत्तर अमेरिकेच्या भूपट्टाला घासत वायव्येला चालला आहे, आणि सॅन अँड्रियास ही त्या दोघांमधली मुख्य शीव आहे.

पिनॅकल्स-नीनाकची जोडी व्हिन्सेंट मॅथ्यूज या भूशास्त्रज्ञानं तपशिलात जुळवली. त्याचा लेख १९७६ चा. दोन्हीकडे नुसता ज्वालामुखीचा खडक आहे एवढ्यानं भागत नाही. कॅलिफोर्नियात ज्वालामुखीचे खडक काय कमी आहेत? त्यानं थरांचा क्रम पाहिला: अँडेसाइट, डेसाइट, रायोलाइट या ज्वालामुखीच्या खडकांच्या जाती, राखेचे आणि तुटक्या दगडांचे थर, कशावर काय बसलं आहे. क्रम जुळला. खालचा पाया दोन्हीकडे ग्रॅनाइटी. सूक्ष्मदर्शकाखाली खनिजं जुळली, अल्प प्रमाणातल्या मूलद्रव्यांची प्रमाणं जुळली. आणि वय जुळलं, सुमारे २ कोटी ३० लाख वर्षं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात जास्त बुद्धी लागली ती या जुळवणीला. वय काढणं हे कितीही नाजूक असलं तरी शेवटी यंत्राचं काम आहे, पण ३१५ किलोमीटर लांबच्या दोन टेकड्या एकमेकींच्या सख्ख्या आहेत हे ओळखायला दोन्हीकडचा दगड न दगड पायाखालून गेलेला असावा लागतो. पुढे मधल्या वाटेवर, पार्कफील्डच्या परिसरात, भ्रंशाला चिकटून राहिलेले याच जातीच्या खडकाचे लहान तुकडेही ओळखले गेले. गाडीतून सांडत गेलेल्या धान्यासारखे.

आता गंमत. ३१५ किलोमीटरला २ कोटी ३० लाख वर्षांनी भागा. वर्षाला जेमतेम १४ मिलिमीटर येतात. हाच सॅन अँड्रियासचा वेग का? ते तपासायला दुसरी नक्षी हवी, अलीकडची. ती कॅरिझो मैदानात वॉलेस क्रीक नावाच्या कोरड्या ओढ्यात आहे. हा ओढा भ्रंशापाशी येऊन काटकोनात वळतो, भ्रंशाच्या कडेनं चालतो, आणि मग पुन्हा वळून मैदानात उतरतो. म्हणजे एके काळी सरळ असलेलं पात्र मधोमध तोडून बाजूला ओढलं गेलं आहे. केरी सीह आणि रिचर्ड जान्स यांनी १९८४ मध्ये दाखवलं की सुमारे ३,७०० वर्षांत ते जवळपास १३० मीटर सरकलं. वर्षाला साधारण ३४ मिलिमीटर. वय इथे लाव्ह्यातून आलेलं नाही, गाळातल्या सेंद्रिय अवशेषांच्या कार्बन-१४ वरून काढलं आहे. इतक्या तरुण गोष्टीला तेच घड्याळ लागतं.

१४ कुठे आणि ३४ कुठे. आजच्या वेगानं चालला असता तर ३१५ किलोमीटर कापायला या भ्रंशाला सुमारे ९३ लाख वर्षं पुरली असती. म्हणजे एक तर ज्वालामुखी थंड झाल्यावर भ्रंश बराच काळ स्वस्थ होता, नाहीतर आधी रमतगमत चालला आणि अलीकडे वेग घेतला. खडकाच्या वयानं इथे भ्रंशाची तारीख दिली नाही, पण सरासरी देऊन एक खोट दाखवून दिली, आणि त्या खोटीतून पुढचं बरंच संशोधन निघालं. आज चित्र साधारण असं दिसतं: आधीच्या काळात दोन भूपट्टांमधली बरीच सरक इतर भ्रंशांवर वाटली गेली होती. सुमारे ६० लाख वर्षांपूर्वी दक्षिणेला कॅलिफोर्नियाचं आखात उघडायला लागलं आणि शीव आजच्या रेषेवर सरकली.

पण मग २ कोटी ३० लाख वर्षांपूर्वी, ज्वालामुखीच्याही आधी, भ्रंश चालत नव्हता कशावरून? याचं उत्तर ज्वालामुखीत मिळणारच नाही, कारण तो तेव्हा नव्हता. त्यासाठी त्याच्याहून जुनी नक्षी हवी. सांता क्रूझ डोंगरांतला ब्यूटानो वालुकाश्म आणि सॅन वाकीन खोऱ्याच्या पश्चिम कडेचा पॉइंट ऑफ रॉक्स वालुकाश्म हे एकाच सागरी गाळाच्या पंख्याचे दोन तुकडे मानले जातात. ते इओसीन काळातले, म्हणजे ज्वालामुखीहून दीडदोन कोटी वर्षांनी तरी जुने. त्यांची सरक किती? तीही ३०० किलोमीटरच्या थोडी वर, जवळपास ज्वालामुखीएवढीच. इथे जरा थांबून विचार करा. भ्रंश आधीपासून चालत असता तर जुना खडक नव्या खडकापेक्षा जास्त लांब गेला असता. तसं झालेलं नाही. जुना आणि नवा दोघंही एकाच वेळी निघाले. अर्थात मधल्या दीडदोन कोटी वर्षांत या भागात भ्रंश हललाच नव्हता, आणि आजचा सॅन अँड्रियास २ कोटी ३० लाख वर्षांच्या अलीकडचा आहे. ज्वालामुखीनंतर साठलेल्या गाळाच्या खडकांची सरक त्याहून कमी भरते, तेही या हिशेबात बसतं. एका खडकाच्या वयानं जे सांगता येत नव्हतं ते दोन वयं आणि दोन अंतरं शेजारी ठेवल्यावर दिसलं.

घासलेल्या भ्रंशालाच थेट विचारायचे मार्गही आता आहेत. मोठ्या भूकंपात क्षणभर इतकी उष्णता होते की भेगेतला खडक वितळतो आणि काळ्या काचेसारखा थिजतो. त्याला स्यूडोटॅकिलाइट म्हणतात. हा भ्रंशाचा स्वतःचा लाव्हाच म्हणायचा, आणि आर्गॉनचं घड्याळ त्याला लावता येतं. भ्रंशातल्या चिकणमातीत इलाइट नावाचं पोटॅशियमयुक्त खनिज नव्यानं वाढतं, त्याचंही वय काढतात. पण वितळलेला खडक क्वचित सापडतो आणि मातीत जुने-नवे कण मिसळलेले असतात, म्हणून शेजाऱ्याची साक्ष अजून सुटलेली नाही.

आपल्याकडे साक्षीदारांची कमतरता नाही, भरमार आहे, आणि तीच पंचाईत आहे. सह्याद्रीचे लाव्हाथर मुख्यतः सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे. घाटरस्त्याच्या कापात काळ्या कातळामध्ये तांबड्या मातीचे पट्टे दिसतात ना, तसल्या थरांत मिसळलेल्या राखेतले झिरकॉन स्फटिक काढून त्यातल्या युरेनियम-शिशाच्या घड्याळानं ही वयं काढली आहेत. २०१९ साली 'सायन्स' नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन गटांनी, एकानं युरेनियमनं आणि दुसऱ्यानं आर्गॉननं, दख्खनच्या उद्रेकांचं वेळापत्रक मांडलं. कुठल्या टप्प्यात किती लाव्हा आला यावर त्यांचं पटलं नाही, पण एकूण काळ जुळला.

आता कोयनेचा भ्रंश घ्या. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे तो हलला आणि ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. कापला गेला आहे तो बेसाल्ट, म्हणजे हाच काळा कातळ, म्हणून हालचाल ६ कोटी ६० लाख वर्षांच्या अलीकडची. बरोबर आहे, आणि धरणाखाली राहणाऱ्याला त्याचा उपयोग शून्य. सारवणाचा हात इतका जुना आहे की त्यानंतरचं सगळंच त्यात मावतं. वर दुसरं, ताजं सारवण नाही, कारण त्यानंतर तिथे लाव्हा आलाच नाही. शिवाय १९६७ ची सरक मुख्यतः आडवी होती आणि दख्खनचे थर सपाट. कोरा पंचा. म्हणून तिथे बोअर मारावे लागले. काही ठिकाणी ९०० मीटरच्या वर, एका जागी १,२०० मीटरच्याही पुढे गेल्यावर बेसाल्ट संपून ग्रॅनाइटी पाया लागला. एक बोअर तर ३ किलोमीटर खोल नेला. लाव्हा आणि पाया यांची सीमा कुठे किती खोल आहे हे जागोजागी मोजलं, तर खाली-वर झालेली सरक तरी पकडता येते.

पिनॅकल्सला जाणारे काही लोक भ्रंश बघायचा म्हणून उद्यानातल्या चॅलोन क्रीककडे बोट दाखवतात. त्या ओढ्यालगत भ्रंश आहे खरा, पण तो सॅन अँड्रियासचा जुना फाटा मानला जातो, आता निपचित. चालता भ्रंश तिथून काही किलोमीटर पूर्वेला, उद्यानाच्या हद्दीबाहेर गेला आहे. ज्वालामुखी अजून वायव्येकडेच निघाला आहे, नीनाक आपल्या जागी, आणि ३१५ किलोमीटरच्या त्या आकड्यात दरवर्षी तीनएक सेंटिमीटरची भर पडते आहे.